कळसूबाई ते हरिश्चंद्रगड: डांगाणातल्या गावांमधून पाच दिवसांची भटकंती

शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून निघायचं, पहाटे बारी या कळसूबाईच्या पायथ्याच्या गावात उतरायचं, रांगेत उभं राहून शिड्या चढायच्या, माथ्यावर फोटो काढायचा आणि रविवारी संध्याकाळी कसाऱ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगेत बसायचं. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम भागाशी आपल्यापैकी बऱ्याच जणांची ओळख एवढीच असते. पुढच्या वर्षी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, त्याच्या पुढच्या वर्षी सांदण. यादीतल्या नावांवर टिक होत जाते आणि मधली गावं गाडीच्या काचेतून मागे पडतात.

हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याचा. १९८६ साली तो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. उत्तरेला कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड, मध्ये भंडारदऱ्याचं पाणी, रतनगड, घाटघर, सांदण दरी आणि कात्राबाईची रांग. इथली माणसं या पट्ट्याला डांगाण म्हणतात. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. गावं अभयारण्याच्या आत आहेत आणि अभयारण्य व्हायच्या कितीतरी आधीपासून आहेत. कोकणातून देशावर येणाऱ्या घाटवाटा जिथे माथ्यावर निघतात तिथे ही गावं वसली आणि त्या वाटांवर नजर ठेवायला वरचे किल्ले झाले. त्यामुळे किल्ला, घाटवाट आणि गाव हे तिन्ही एकत्र पाहिलं तरच या डोंगरांचा अर्थ लागतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: बेत आखताना शिखरांपासून सुरुवात करू नका, मुक्कामाची गावं आधी ठरवा. पाच रात्रींसाठी बारी, साम्रद (दोन रात्री), रतनवाडी आणि पाचनई. या चार नावांभोवती बाकीचं सगळं आपोआप बसतं, कारण प्रत्येक वाट यांपैकी कुठल्या तरी गावाच्या शेवटच्या घराजवळून सुरू होते.

कधी जायचं

पहिल्यांदा जात असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ओढ्यांना थोडंफार पाणी असतं, हवा स्वच्छ असते, शिड्या कोरड्या असतात आणि सांदणीत उतरता येतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते. जाड स्वेटर आणि कानटोपी घेतल्याशिवाय जाऊ नका.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात फुलांची. पठारं सोनकीने पिवळी होतात आणि भातखाचरांत लोंब्या धरलेल्या असतात. कारवी मात्र दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा तिच्यासाठी बेत आखायचा असेल तर गावात विचारूनच. नवरात्रात कळसूबाईला जत्रा भरते आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं रोज माथ्यावर जातात. जत्रा अनुभवायची असेल तर जरूर जा, पण शांत चढाईची अपेक्षा घरी ठेवून.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे. घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या पट्ट्यात हिरडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं एका लयीत उघडझाप करतात. दृश्य विलक्षण आहे, पण त्याच आठवड्यांत शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर गाड्यांचे हेडलाइट काजव्यांपेक्षा जास्त दिसतात. काजवा त्या प्रकाशाने जोडीदार शोधत असतो. आपला टॉर्च पडला की त्याचं काम थांबतं. जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार पाहा, गाडी गावात लावा, झाडापर्यंत चालत जा, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा आणि गवतात पाय घालू नका, कारण माद्या आणि अळ्या तिथेच असतात.

भर पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, घाटघर-रतनवाडीचा भाग राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांत मोडतो. धबधबे पाहायला रस्त्याने फिरा. सांदण आणि रतनगडाच्या शिड्या यांचा विचार तेव्हा नको.

पोचायचं कसं

मुंबईकडून आलात तर कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वे, तिथून घोटी, आणि घोटीहून भंडारदरा-राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, बोटा, कोतूळ असं थेट दक्षिण टोकाला पोचता येतं किंवा संगमनेर, अकोले, राजूर असं मधोमध. एसटीने फिरणाऱ्यांसाठी घोटी, राजूर आणि अकोले ही तीन स्थानकं महत्त्वाची. आतल्या गावांना गाड्या मोजक्या आहेत, त्यामुळे स्थानकावर उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ चौकशी खिडकीवर विचारून घ्यायची. फाट्यावर उभं राहून 'येईल एखादी जीप' म्हणणाऱ्यांना कधीकधी अंधार गाठतो.

स्वतःची गाडी असेल तर शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव, इथे टाकी भरून घ्या. रोख पैसेही इथे किंवा राजूरला काढा. आत रेंज येते आणि जाते, आणि ती गेली की क्यूआर कोडचा उपयोग नसतो.

निघण्यापूर्वी

राहायची सोय फोनवर ठरवा. या चारही गावांत घरगुती मुक्काम मिळतो: सारवलेली किंवा फरशीची पडवी, गोधडी, सकाळी चहा-पोहे, दोन वेळचं जेवण. तुम्ही किती माणसं, शाकाहारी किती, पोचणार किती वाजता हे आदल्या दिवशी कळवलं पाहिजे. चुलीवरचा स्वयंपाक वेळ घेतो आणि दहा माणसांच्या भाकऱ्या थापायला बसलेल्या मावशींना 'आम्ही बाहेरच जेवलो' असं सांगणं बरं नव्हे. जेवणात नागलीची (नाचणीची) किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, कधी खुरासणीची (कारळ्याची) चटणी. पनीर मागू नका.

वाटाड्या गावातलाच घ्या. कळसूबाईला आणि पाचनईच्या वाटेला तो नसला तरी चालतं. साम्रदहून रतनगड, सांदण आणि कात्राबाईची खिंड यांना तो हवाच. नकाशाचं अॅप वाट दाखवतं, पण गेल्या पावसात कुठली दरड आली किंवा कुठल्या झाडाला आग्या मोहोळ लागलंय हे ते सांगत नाही. पैसे आधी ठरवा आणि ठरले तेवढे द्या. संध्याकाळी घासाघीस नको.

पाठीवरच्या सामानात माणशी तीन लिटर पाणी धरता येईल अशा बाटल्या, हेडटॉर्च, चांगल्या पकडीचे बूट, ओआरएस, साधं प्रथमोपचाराचं साहित्य, शिट्टी आणि एक रिकामी पिशवी. पिशवी स्वतःच्या कचऱ्यासाठी. अत्तर, डिओ घरी ठेवा. सह्याद्रीतले कितीतरी ट्रेक मधमाश्यांनी उधळले आहेत आणि उग्र वास व धूर ही त्याची नेहमीची कारणं.

पहिला दिवस: बारी आणि कळसूबाई

आदल्या संध्याकाळी बारीत पोचा. म्हणजे पहाटे पाचला चालायला लागता येतं आणि शहरातून रात्रभर प्रवास करून आलेल्यांच्या आधी तुम्ही शिड्यांपाशी असता. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण. बारीपासून चढ साधारण तीन-चार तासांचा. वाट मळलेली आहे, चुकण्यासारखं काही नाही, पण चढ सलग आहे. त्यामुळे पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला.

गाव सोडताना कळसूची गोष्ट एखाद्या आजीकडून ऐका. थोडक्यात अशी: कळसू नावाची मुलगी गावात कामाला राहिली ती एका अटीवर, झाडलोट आणि भांडी ती करणार नाही. एक दिवस तिला तेच काम सांगितलं आणि ती डोंगर चढून निघून गेली ती परत आलीच नाही. देवीची गोष्ट म्हणून ती सांगतात. मला ती शब्द मोडल्यावर काम सोडून गेलेल्या एका मुलीची वाटते आणि राज्याच्या सर्वांत उंच टोकावर तिचं देऊळ आहे हे आवडतं.

कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. एका वेळी एका शिडीवर मोजकीच माणसं जाऊ द्या, उतरणाऱ्याला आधी वाट द्या आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. मोबाइल हातात धरून चढणारे इथे रोज दिसतात. शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. तिथे थांबून दम घ्या आणि वर जा. माथा अगदीच लहान, मध्ये छोटं देऊळ, बाजूने कठडा. नैऋत्येला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले ओळीत दिसतात, दक्षिणेकडे भंडारदऱ्याचं पाणी आणि त्याच्या पलीकडे रतनगड. उद्या-परवा तुम्ही कुठे असणार आहात हे सगळं इथून एका नजरेत समजून घेता येतं, आणि कळसूबाई पहिल्या दिवशी ठेवण्याचं खरं कारण हेच. अलंग-मदन-कुलंगच्या मोहात मात्र पडू नका. तिथे दोर आणि अनुभवी माणसं लागतात, तो स्वतंत्र बेत आहे.

दुपारी खाली येऊन जेवा आणि शेंडीला जा. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं, दगडी बांधकामाचं. याच पाण्यावर खाली संगमनेर-श्रीरामपूर भागातला ऊस उभा राहिला, आणि वर ज्यांची भातशेती पाण्याखाली गेली ती माणसं काठाने वर सरकली. पुढचे दोन दिवस तुम्ही ज्या रस्त्याने फिरणार आहात तो या पाण्याला वळसा घालून जातो. प्रवरेवरचा रंधा धबधबा जवळच आहे. पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे सोडले तर त्याच्यासाठी वाट वाकडी करू नका.

संध्याकाळपर्यंत साम्रदला पोचायचं आहे. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर आणि मग साम्रद. घाटघरला थांबा. इथला कडा थेट कोकणात तुटतो आणि समोर पाहायला नुसती कोसळलेली खोली असते. याच कड्याचा उपयोग करून २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प केला आहे. वर घाटघरला एक धरण, खाली शहापूरच्या बाजूला दुसरं. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. घाट चढून-उतरून पोट भरणाऱ्या गावात आता पाणीच घाट चढतं-उतरतं.

दुसरा दिवस: साम्रद आणि सांदण

साम्रद गाव लहान, रतनगडाच्या पायथ्याशी टेकलेलं. इथून करोली घाटाची जुनी वाट कोकणात उतरते. बाजारहाटाला खाली जाऊन डोक्यावर ओझं घेऊन तीच वाट चढून आलेली माणसं गावात भेटतील. सांदणला निघण्याआधी एखाद्या बाबांजवळ पडवीत बसून त्या दिवसांबद्दल विचारा. घाईत असलेल्या पाहुण्याला ते फारसं काही सांगत नाहीत, बसलेल्याला सांगतात.

सांदण दरी गावापासून अर्ध्या तासाच्या आत. सपाट माळावरून चालत जाता जाता जमीनच चिरलेली दिसते. ही चीर बेसाल्टमध्ये पडलेली, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आणि तळाला दगडांचा खच. काही ठिकाणी एवढी अरुंद की वरून पडणारा उजेड भर दुपारीसुद्धा तळापर्यंत नीट पोचत नाही. सुरुवातीलाच पाण्याची डबकी लागतात. हंगामाप्रमाणे घोट्यापासून कमरेपर्यंत पाणी असतं आणि ते उन्हाळ्यातही गारच. कॅमेरा आणि मोबाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळा, बूट भिजणार हे धरून चाला. अनवाणी होऊ नका, पाण्याखालचे दगड धारदार असतात.

पुढे दगडांवरून उड्या मारत, बसून सरकत जावं लागतं. पाय ठेवायच्या आधी दगड हलतो का ते पाहा. पहिल्या मोठ्या कड्यापाशी, जिथून दोराशिवाय उतरता येत नाही, तिथून परत फिरा. दोर लावून खालपर्यंत उतरणाऱ्या मोहिमा निघतात, त्या कोकणात उतरून करोली घाटाने वर येतात आणि त्याला तयारीचं पथक लागतं. आभाळ भरून आलं असेल, लांब कुठे गडगडाट ऐकू येत असेल, तर आत शिरूच नका. या चिरेत पाण्याला जायला दुसरी वाट नाही आणि माणसालाही नाही. ऑक्टोबरातसुद्धा दुपारनंतर सरी येतात, म्हणून सांदण सकाळीच करायची.

दुपार मोकळी ठेवा. गावाच्या मागच्या रानात हिरड्याची झाडं आहेत. त्यांची कोवळी फळं, बाळहिरडा, उन्हाळ्यात गोळा करून वाळवून विकतात आणि या भागातल्या आदिवासी घरांना शेतीइतकाच त्याचा आधार असतो. उन्हाळ्यात गेलात आणि अंगणात काळपट वाळवण दिसलं तर ते तेच.

तिसरा दिवस: रतनगड, आणि खाली अमृतेश्वर

बहुतेक जण रतनवाडीहून चढतात आणि त्याच वाटेने उतरतात. माझ्या मते साम्रदहून चढून रतनवाडीला उतरणं जास्त चांगलं. त्र्यंबक दरवाजाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या उंच आहेत, काही तुटलेल्या आहेत, आणि अशा पायऱ्या चढणं उतरण्यापेक्षा केव्हाही सोपं. गाडी असेल तर गावातल्याच कुणाला तरी ती रतनवाडीला आणून ठेवायला सांगा. याची सवय त्यांना आहे.

साम्रदहून जंगलातून वाट वर खिंडीकडे जाते. पहाटे निघालात आणि बोलणं बंद ठेवलंत तर वरच्या फांद्यांत शेकरू दिसण्याची चांगली शक्यता. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पोट आणि अंगाएवढं लांब शेपूट. फांदी जोरात हलली की लगेच फांदीकडे न पाहता पुढच्या झाडाकडे पाहा, तोवर ते तिथे पोचलेलं असतं. झाडाच्या शेंड्याजवळ पानं-काटक्यांचा मोठा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं.

त्र्यंबक दरवाजातून वर आलात की थेट नेढ्याकडे जा. रतनगडाचं नेढं म्हणजे माथ्याच्या कातळाला आरपार पडलेलं भोक, आत दहा-बारा माणसं सहज बसतील एवढं. वारा तिथे इतका जोरात घुसतो की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. टोप्या आत ठेवा. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला कोकण. इथे तासभर गेला तरी हरकत नाही, पण कडेला पाय सोडून फोटो काढण्याचा हट्ट नको.

मग गडफेरी: पाण्याची टाकी, कोकण दरवाजा, राणीचा हुडा म्हणतात तो गोल बुरूज, आणि हनुमान दरवाजाकडून गणेश दरवाजाकडे उतरताना रत्नादेवीची गुहा. टाक्यातलं पाणी वाटाड्या 'पिण्याचं' म्हणेल तेच भरा. उतरताना शिड्या लागतात. शिडीकडे तोंड करून, एकेक पायरी. त्याखाली जंगल सुरू होतं आणि एका ठिकाणी वाट फुटते. एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे, दुसरी रतनवाडीकडे. ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत खाली यायचं. हा ओढा म्हणजेच प्रवरा.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ. शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली अशी परंपरा आहे आणि प्रवरेच्या उगमाचं ते हे. आपल्याकडे जुन्या दगडी देवळाला सरसकट हेमाडपंती म्हणायची खोड आहे. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. झंझ त्याच्या कितीतरी आधीचा. शिखराकडे नीट पाहा: उभे पट्टे आणि त्यांच्या मधून छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी वर चढत गेलेल्या. ही भूमिज शैली. खांबांवरची आणि छताची नक्षी पाहायला टॉर्च लागतो. गाभाऱ्यात टॉर्च मारू नका, पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय फोटोही नको.

देवळाकडे बहुतेक जण जातात, जवळच्या पुष्करणीकडे तितके जात नाहीत. पायऱ्यांनी उतरत जाणारं चौकोनी कुंड, चारही बाजूंना कोनाडे आणि कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. शिवाच्या देवळाशेजारी विष्णूचं कुंड. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मूर्तींचे तपशील उठून दिसतात, तेव्हा गडावरून चारच्या सुमारास खाली आलात तर वेळ अगदी योग्य. पायऱ्यांवर शेवाळ असतं. आणि पाण्यात पाय धुवू नका, गावाच्या श्रद्धेची जागा आहे.

चौथा दिवस: दोन पर्याय

चालण्याची चांगली सवय असेल तर रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतमार्गे पाचनईला पायी जाता येतं. दिवस पूर्ण जातो, वाटेत पाण्याची खात्री नाही, दाट कारवीत वाटा फसतात. वाटाड्याशिवाय नकोच, आणि फेब्रुवारीनंतरही नको.

बाकीच्यांनी राजूरमार्गे रस्त्याने जावं. राजूर ही डांगाणाची बाजारपेठ. पेढे इथले नावाजलेले आहेत, ते घ्या. डिसेंबरच्या सुमारास इथे डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके असलेली, मुसळधार पावसात भातखाचरात राबणारी ही जात. तुमच्या तारखा जुळल्या तर डोंगर एक दिवस मागे ठेवा आणि प्रदर्शन पाहा. त्याच परिसरात देवगाव आहे, राघोजी भांगरे यांचं गाव. सावकार आणि इंग्रज सरकार दोघांविरुद्ध या डोंगरांच्या आधाराने ते लढले. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. कालपर्यंत पाहिलेल्या घाटवाटा, खिंडी आणि गुहा बंडखोरांच्या कशा कामी आल्या असतील हे आता वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

याच तालुक्यातलं कोंभाळणे हे बीजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं गाव. पद्मश्री मिळालेल्या राहीबाईंनी गावठी भात, वाल, भाज्यांची बियाणी जपली. शेतीत रस असेल तर तिकडे वळा. नसेल तर सरळ पाचनई.

पाचवा दिवस: पाचनई आणि हरिश्चंद्रगड

हरिश्चंद्रगडाला वाटा अनेक. पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांब आणि सुंदर, कोकणातून नळीची वाट फक्त तयार गिर्यारोहकांसाठी. पाचनईची वाट सर्वांत सोपी, दोन ते अडीच तासांची. एका भल्यामोठ्या पुढे झुकलेल्या कातळाखालून ती जाते, अवघड जागी कठडे आहेत, खालून मंगळगंगा नदीचा आवाज येत राहतो. मुलांना आणि साठीतल्या माणसांनाही ती जमते.

गडावर तंबू लावून राहण्याबद्दलचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून मुक्काम पाचनईतच ठेवा आणि पहाटे निघा. याचा आणखी एक फायदा आहे, तो पुढे सांगतो.

वर आलात की आधी हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ. आजूबाजूच्या कातळातच लेणी आणि टाकी खोदलेली, मध्ये उंच शिखराचं देऊळ. समोर सप्ततीर्थ पुष्करणी, जवळच्या गुहेत माणसापेक्षा उंच गणपती. चांगदेवांनी इथे तप केलं असं मानतात आणि त्यांचा उल्लेख असलेले शिलालेख इथे आहेत. अक्षरं झिजली आहेत, त्यांच्यावर खडू, पाणी, हात काहीही लावू नका.

देवळापासून ओढ्याच्या बाजूने केदारेश्वराची गुहा. कातळात खोदलेल्या दालनात मधोमध पाच फुटांचं शिवलिंग, भोवती कमरेएवढं पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की कलियुग संपणार, असं सांगतात. पाणी भर मे महिन्यातही हाडं गोठवतं. प्रदक्षिणा घालायची असेल तर भिंतीला धरून हळू चाला, तळ निसरडा आहे. साबण, शाम्पू घेऊन उतरणारे महाभाग दिसले तर त्यांना बोला, गप्प बसू नका.

मग कोकणकडा. देवळापासून साधारण अर्धा तास. कडा अर्धवर्तुळाकार आणि आतल्या बाजूला खोबणीसारखा, त्यामुळे उभं राहून खालचा भाग दिसतच नाही. वाऱ्याचा जोर पाहून, कडेपासून लांबच पोटावर झोपायचं आणि हळूहळू पुढे सरकायचं, मागे कुणाला तरी पाय धरायला सांगून. दरीतून वर येणारा वारा इतका असतो की खाली टाकलेलं पान परत वर येतं.

आता पहाटे निघण्याचा फायदा. सगळे इथे सूर्यास्ताला गर्दी करतात. पण इंद्रवज्र, म्हणजे ढगावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्ये स्वतःची सावली, पाहायचं असेल तर सूर्य पाठीशी हवा आणि धुकं समोर. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा ते जमून येतं ते सकाळी. दरीत धुकं भरलेलं आणि वर आकाश मोकळं, अशी वेळ पावसाळ्याच्या शेवटी जास्त मिळते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे ते पाहिल्याची नोंद आहे. हिवाळ्यात नाही दिसलं तरी सकाळी कड्यावर माणसं कमी असतात, हेही काही कमी नाही.

जमत असेल तर तारामती शिखरावर जाऊन या, गडाचं सर्वांत उंच टोक. चार-साडेचारपर्यंत पाचनईला परत.

दोनच दिवस हातात असतील तर

कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड एकाच शनिवार-रविवारी उरकू नका. सगळा वेळ रस्त्यात जातो. त्यापेक्षा साम्रदला मुक्काम करून पहिल्या दिवशी सांदण, दुसऱ्या दिवशी रतनगड चढून अमृतेश्वराला उतरा. मुलं बरोबर असतील तर पाचनईत राहून फक्त हरिश्चंद्रगड.

वनखात्याचे नाके आणि काही सूचना

प्रवेशशुल्क नाक्यावर भरा आणि पावती जपून ठेवा. ओळखपत्र जवळ असू द्या. जंगलात शेकोटी नाही, स्पीकर नाही, दारू नाही. बिबट्या या रानात आहे, तेव्हा अंधार पडल्यावर एकट्याने वाटेवर राहू नका. साप चावल्यास जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं हे प्रकार न करता माणसाला शांत आडवं ठेवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि लवकरात लवकर दवाखान्यात हलवा. १०८ किंवा ११२ ला फोन लावा. रेंज नसेल तर गावात निरोप पाठवा. झोळी करून माणूस खाली आणायचा कसा हे तिथल्या पोरांना पाठ आहे.

गावात मुलांना चॉकलेटं वाटू नका. शाळेला काही द्यायचं असेल तर शिक्षकांना विचारून द्या. घरातून निघताना तांदूळ, नागली, मध किंवा खुरासणी विकत मिळते का विचारा. मिळाली तर किलोभर घ्या, शहरातल्या भावाने.

परतीला पुण्याकडे जाणार असाल आणि अंधार व्हायला वेळ असेल तर अकोल्यात प्रवरेकाठचं सिद्धेश्वर मंदिर पाहा. दुसऱ्या दिवसाची सुटी असेल तर अकोल्यातच राहून सकाळी आढळा नदीकाठच्या टाहाकारीला जा. तिथलं जगदंबेचं देऊळ तीन गाभाऱ्यांचं आहे. एसटीने जाणाऱ्यांनी मात्र यातलं काही न धरता पाचनईहून मिळेल त्या गाडीने आधी राजूर गाठावं, कारण संध्याकाळनंतर तिथून पुढच्या गाड्या विरळ होत जातात.